कागदी रुपयाचा कारखाना

‘नोटांचा छापखाना आतून पाहायला मिळेल काय?’ हा प्रश्न आम्हाला आजवर किती लोकांनी विचारला असेल याची गणती नाही. बाहेरगावची शाळा सहलीला नाशकास येते, मुले काळाराम पाहतात, पांडवलेणी चढून येतात, आणि परतीच्या वाटेवर नाशिकरोड लागले की कोणी तरी गुरुजी हळूच विचारतात, ‘तेवढे जमेल का?’ जमत नाही. हा कारखाना लोकांना दाखवण्यासाठी नाहीच. इतर कारखान्यांत मालकाला आपला माल कसा तयार होतो हे दाखवण्याची हौस असते. इथे माल कसा तयार होतो हे शक्य तितक्या कमी लोकांना कळावे, याच हेतूने भिंत उभी केलेली आहे.

आम्ही स्वतः त्या आवारात गेलो आहोत ते कामगारांच्या प्रश्नांच्या निमित्ताने, आणि तेही कचेरीच्या इमारतीपर्यंत. यंत्रे चालतात त्या दालनाचे दार आमच्यासाठी उघडलेले नाही, आणि ते उघडावे असा हट्ट आम्ही धरलेला नाही. तथापि तीस वर्षे फाटकाबाहेर उभे राहून, पाळी सुटलेल्या माणसांशी चहाच्या टपरीवर बोलून, आणि वाचनालयाच्या टेबलावर बसून जे हाती लागले त्यातून एक प्रकारची भेट घडू शकते. श्रोत्यांना आम्ही नेणार आहोत ते त्या वाटेने. भिंतीच्या आत काय आहे यापेक्षा ती भिंत मुळात नाशकास कशी आली, आणि आतल्या माणसाचा त्या कागदाशी संबंध काय, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रथम फाटकाशी थांबू. या रस्त्याला जेल रोड म्हणतात, कारण मध्यवर्ती तुरुंगही याच बाजूला आहे. एकाच भागात दोन उंच भिंती. एकीच्या आत समाजाने अविश्वासू ठरवलेली माणसे, दुसरीच्या आत समाजाचा सारा विश्वास ज्यावर चालतो तो कागद. पाळी सुटते तेव्हा माणसे डबा-पिशवी घेऊन बाहेर येतात. आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती. आपल्या सात पिढ्यांनी मिळवली नसेल एवढी रक्कम ज्याच्या हाताखालून दिवसभरात गेली, तो माणूस फाटकाबाहेर येऊन कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करतो. एका जुन्या कामगाराला आम्ही विचारले की, इतका पैसा पाहून मनात काही येत नाही काय? तो म्हणाला, ‘भाऊ, पैसा पगाराच्या तारखेलाच दिसतो. बाकीचे दिवस आम्ही ताव बघतो.’

हे उत्तर कायद्याच्या दृष्टीनेही अचूक आहे. छापून, कापून, बांधून तयार झालेली नोट रिझर्व्ह बँकेने चलनात आणीपर्यंत पैसा नसते. ती छापलेला कागदच असते. कारखान्यात पैसा तयार होत नाही, पैसा होऊ शकेल असा कागद तयार होतो. मधले अंतर विश्वासाचे आहे, आणि या विश्वासाचा आपल्या देशातील इतिहास मोठा चमत्कारिक आहे.

सरकारी कागदी चलन हिंदुस्थानात आले ते १८६१ च्या कायद्याने. त्यापूर्वी बंगाल, मुंबई आणि मद्रास या इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढीत. १८५७ च्या उठावाने सरकारची तिजोरी खंक झाली होती. ती सावरण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन यांना अर्थसचिव म्हणून पाठवण्यात आले. ‘इकॉनॉमिस्ट’ हे नामांकित साप्ताहिक काढणारे ते हेच. त्यांनी कागदी चलनाची योजना मांडली, पण १८६० मध्येच कलकत्त्यास त्यांचा अंत झाला आणि कायदा त्यांच्या मागून झाला. नोटा काढण्याचा हक्क बँकांकडून गेला आणि सरकारकडे आला. व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या त्या पहिल्या नोटांची नक्कल होऊ लागली, म्हणून १८६७ पासून त्या जाऊन दुसऱ्या धर्तीच्या, एकाच बाजूने छापलेल्या नोटा आल्या.

त्या नोटेचे दोन गुण आजच्या माणसाला विचित्र वाटतील. पहिला असा की ती देशभर चालत नसे. नोटा काढण्यासाठी देशाचे विभाग पाडले होते, आणि एका विभागाची नोट त्याच विभागात कायदेशीर चलन होती. मुंबईची नोट कलकत्त्यास नेली तर तिथल्या माणसाने ती घेतलीच पाहिजे असे बंधन नव्हते. हा अडसर १९०३ ते १९११ या काळात, आधी ५ रुपयांच्या आणि मग १०, ५० व १०० रुपयांच्या नोटांपुरता दूर झाला. दुसरा गुण असा की पैसे टपालाने पाठवावयाचे झाले तर व्यापारी नोट मधोमध कापीत. अर्धी आज पाठवायची. ती पोहोचल्याचे पत्र आले की उरलेली अर्धी पाठवायची. पलीकडचा माणूस दोन्ही तुकडे जोडून रक्कम वसूल करी. सरकारच्या नोटेवर विश्वास होता, टपालाच्या वाटेवर नव्हता, असे म्हणावे लागेल.

आणि हा कागद छापला जाई कुठे? इंग्लंडात. तिथल्या गिरणीत हाताने केलेला कागद, बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यात छपाई, आणि मग जहाजाने हिंदुस्थान. टपालाची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत. साठ-पासष्ट वर्षे हा क्रम चालला. या काळात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, आगगाड्यांचे डबे बांधणारे कारखाने निघाले. निर्णयसागरसारख्या मराठी माणसाच्या छापखान्याने देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले की आजही जाणकार त्यांचे नाव घेतात. म्हणजे छापण्याचे कसब इथल्या हातांत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. आमचे मत असे की दोन कारणे होती: विलायतेतल्या कंपन्यांचा बांधलेला धंदा, आणि इथल्या माणसाच्या हाती नोटेचा साचा देण्याची भीती. पहिले कारण हिशेबाच्या वहीत दिसते. दुसरे कुठे लिहिलेले नसते.

ही घडी मोडली महायुद्धाने. १९१४ नंतर हिंदुस्थानातून फौजा, धान्य, ताग, कापड सगळे बाहेर गेले आणि त्याचे मोल इथे रुपयांत चुकवावे लागले. रुपया चांदीचा, चांदी महाग झाली आणि मिळेनाशी झाली. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने १ रुपयाची नोट काढली, आणि तिच्या पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे २ रुपये ८ आण्यांची नोट. नोटेवर लिहिलेले वचन असे की मागाल तेव्हा नाणे देऊ. आणि आता नाण्याच्या जागीच नोट! लोकांना संशय आला यात नवल नाही. १९१८ च्या वसंतात मुंबईच्या चलन कचेरीवर नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची झुंबड उडाली. खजिन्यातली चांदी तळाशी गेली होती. अमेरिकेने त्याच वर्षी कायदा करून आपल्या साठ्यातली चांदी विकायला काढली आणि तिचा मोठा भाग हिंदुस्थानसाठी आला, म्हणून वेळ निभावली. पुढे जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांचा मोठा संप झाला तो महागाईच्या पोटी. संपाचा इतिहास आणि चलनाचा इतिहास आपल्याकडे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेला असतो. वस्तुतः ते एकच पुस्तक आहे.

युद्ध संपल्यावर सरकारने हिशेब मांडला. १९२२ साली मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख कर्नल विलिस आणि छपाई व लेखनसामग्री खात्याचे अधिकारी ॲस्कोली यांच्यावर, ही छपाई हिंदुस्थानात करता येईल काय, हे पाहण्याची कामगिरी सोपवण्यात आली. दिल्लीस लहान प्रमाणात प्रयोग झाला, तो यशस्वी ठरला, आणि कारखान्यासाठी जागा ठरली नाशिकरोडची. मुंबईपासून दूर नाही, रेल्वेचा मुख्य मार्ग दारावरून जातो, जमीन मोकळी. आणि मुंबईची दमट हवा कागदाला मानवत नाही हे छपाईचे काम केलेला कोणीही सांगेल. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला. आधी तिकिटे आली. १९२८ पासून नोटा छापण्यास सुरुवात झाली, आणि १९३२ पर्यंत देशातल्या सर्व किमतींच्या नोटा इथेच छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँक १९३५ ची. म्हणजे बँकेच्या आधी छापखाना जन्मला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारखान्याभोवती गाव वाढले. नाशिकरोड हे तोवर मुख्यतः यात्रेकरूंच्या उतरण्याचे स्टेशन होते. आता तिथे पगारी कामगार आले, चाळी आल्या, पतपेढ्या आल्या, संध्याकाळच्या सभा आल्या. एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३० च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. सत्याग्रही दाराशी उभे होते आणि दार उघडत नव्हते. त्याच वेळी तिथून दहा-एक किलोमीटरवर अशा कागदाचे तावच्या ताव छापून निघत होते, की जो कोणाच्याही हातून कोणाच्याही हाती जाई. दाराबाहेरच्याला स्पर्श न करणारा माणूस त्याच्या हातची नोट मात्र विनातक्रार घेत असे. नोटेला विटाळ नव्हता.

आता त्या दालनांकडे वळू. नोटेचा कागद आपल्या वहीसारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो, तो कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणून तो चुरगळला तरी लगेच फाटत नाही, आणि धोतराच्या कनवटीला भिजला तरी टिकतो. जलचिन्ह आणि धागा हे कागद बनतानाच त्यात येतात, ते छापलेले नसतात. हा कागद पुष्कळ वर्षे विलायतेहून येई. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद येथे, म्हणजे आता ज्याला नर्मदापुरम म्हणतात तिथे, सरकारी गिरणी निघाली, आणि म्हैसूरची गिरणी २०१५ ची. त्यानंतर छपाई. आधी पार्श्वभूमीच्या बारीक, रंगीत रेषा दोन्ही बाजूंनी. मग खोदलेल्या पत्र्यावरून जबर दाबाने होणारी छपाई. पत्र्याच्या खाचांतली शाई कागद ओढून घेतो आणि पृष्ठावर उंचवटा उभा राहतो; नोटेवर बोट फिरवले असता जो खरखरीतपणा लागतो तो याचा. मग क्रमांक, मग कापणी, मग शंभराचे पाकीट आणि अशा दहा पाकिटांची गड्डी.

आमच्या विशीत आम्ही एका लहान छापखान्यात खिळे जुळवीत असू; म्हणून या कामाविषयी जी गोष्ट आमच्या मनात भरली, ती यंत्रांची नाही, मोजणीची आहे. साध्या छापखान्यात लग्नपत्रिकेचे पाचशे ताव छापायचे तर पंचवीस-तीस जादा घ्यावे लागतात. शाई जुळेपर्यंत काही बिघडतात, काही वाकडे जातात, ते कोपऱ्यात फेकले जातात आणि महिनाअखेरीस रद्दीवाला घेऊन जातो. (आमचे मालक बिघडलेल्या तावांचे पैसे मजुरीतून कापीत, आमच्या संघटनेच्या कामाचा आरंभ तिथूनच झाला.) नोटांच्या कारखान्यात कोपरा नाही. कोरा ताव मोजून आत येतो, एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना पुन्हा मोजला जातो, आणि बिघडलेला ताव चांगल्या तावाइतक्याच काळजीने मोजून, नोंदून, मग नष्ट केला जातो. किंबहुना त्याची काळजी जास्तच, कारण चोराला चांगल्याइतकाच बिघडलेलाही चालतो. एक ताव कमी भरला तर हिशेब लागेपर्यंत सारा विभाग खोळंबतो. इतर कारखान्यांत माणसावर नजर असते ती तो काम किती करतो यासाठी. इथे ती असते तो बाहेर काय नेतो यासाठी. आयुष्यभर दररोज झडती देऊन निवृत्त झालेल्या माणसाच्या उभे राहण्यात एक निराळीच ताठ शिस्त येते. गावात ती ओळखू येते.

क्रमांकाची गोष्टही अशीच. पाकिटात शंभर नोटा क्रमवार हव्यात. मधली एखादी बिघडलेली निघाली तर पूर्वी त्याच क्रमांकाची दुसरी तयार करून तिच्या जागी बसवावी लागे. किती किचकट काम! २००६ पासून १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटांत अशा जागी तारांकित क्रमांकाची नोट घालण्याची पद्धत आली, ती पुढे मोठ्या किमतींतही आली. आपल्या हाती कधी क्रमांकात तारा असलेली नोट आली तर ती खोटी समजून घाबरू नये. कोणाच्या तरी नजरेने एक दोष पकडला होता, एवढाच तिचा अर्थ.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हा विषय निवडला त्याकडे येऊ. नोट छापणाऱ्याच्या आणि नोट मिळवणाऱ्याच्या दृष्टीने नोटेवरच्या आकड्याला काही अर्थ नाही. त्या आकड्यात किती ज्वारी येते याला अर्थ आहे. हे आपल्याकडे फार लवकर आणि फार स्पष्ट सांगितले ते डॉ. आंबेडकरांनी. त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, आणि १९२५ च्या डिसेंबरात त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. रुपया स्वस्त ठेवला की व्यापार वाढतो, असे गिरणीमालक सांगत. आंबेडकरांचे म्हणणे असे की भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही, आणि व्यापाऱ्याला होणारा तो नफा मजुरी करणाऱ्याच्या ताटातून येतो. रुपयाची इंग्रजी नाण्यातली किंमत किती, यापेक्षा त्याची खरेदीची शक्ती स्थिर राहते काय, हे पाहा. नाशिकरोडला कारखाना सुरू झाला त्याच वर्षी ही साक्ष झाली. योगायोग खरा, पण बोलका आहे.

त्याचा अनुभव दुसऱ्या महायुद्धात आला. ब्रिटिश सरकारने इथून युद्धासाठी माल घेतला, त्याबद्दल लंडनमध्ये पौंडांचे कागद जमा केले, आणि त्या कागदांच्या आधारावर इथे नोटा काढल्या. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत चलनातील नोटा सहा पटींहून अधिक झाल्या. माल तेवढाच, किंबहुना कमी. नाशिकरोडची यंत्रे रात्रंदिवस चालत असतील, आणि त्यांनी जेवढे छापले तेवढा कामगाराचा पगार आतून झिजत गेला. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईचे गिरणीकामगार संपावर गेले ते महागाई भत्त्यासाठी. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. चलनाचा फुगवटा हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण कारणांपैकी एक खास होते. महागाई भत्ता हा शब्द आज प्रत्येक पगारपत्रकावर असतो आणि तरुण मुलांना तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. त्यामागे हे सारे आहे.

फाळणीच्या वेळी या कारखान्यावर एक असा प्रसंग आला की तसा क्वचितच दुसऱ्या कोणावर आला असेल. नव्या पाकिस्तानकडे नोटा छापण्याची सोय नव्हती. म्हणून काही काळ दोन्ही देशांचे चलन रिझर्व्ह बँकेनेच सांभाळावे असे ठरले. ही व्यवस्था ३० जून १९४८ पर्यंत चालली. १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात जी नोट चालू झाली ती नाशिकरोडला छापलेली आपलीच नोट होती. वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ एवढी अक्षरे जादा. चित्र मात्र सहाव्या जॉर्ज राजाचे. पंजाबातून रक्ताने माखलेल्या गाड्या येत होत्या, जानेवारीत ५५ कोटी रुपये द्यायचे की नाही यावर देश पेटला होता, त्या महिन्याच्या अखेरीस गांधीजींचा खून झाला. आणि इथे नाशिकचे कामगार शेजाऱ्याच्या नावाची अक्षरे मोजून-तपासून छापीत होते. काम म्हणून आले ते त्यांनी नीट केले. आम्हाला ही गोष्ट कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठी वाटते.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला गांधीजींची जी तिकिटे निघाली ती मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापलेली होती! तसे सुबक छायाचित्रासारखे काम करणारी यंत्रे तेव्हा नाशिकला नव्हती. चरखा चालवणाऱ्याची आठवण परदेशी छापखान्यातून यावी, याबद्दल तेव्हा टीका झाली, आणि ती रास्त होती. १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची तिकिटे आली ती त्या पद्धतीने नाशिकलाच छापून.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९४९ मध्ये १ रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले. १९७५ च्या सुमारास देवासला दुसरा छापखाना उभा राहिला. म्हैसूर आणि सालबोनी येथील छापखाने नव्वदीच्या दशकात रिझर्व्ह बँकेच्या कंपनीने काढले. २००६ मध्ये नाशिकचे दोन्ही छापखाने, देवास, हैदराबाद, होशंगाबादची गिरणी आणि चार टांकसाळी मिळून एक सरकारी महामंडळ झाले. सरकारी खात्याचे कामगार महामंडळाचे कामगार झाले, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांनी संघटनांची टेबले भरून गेली. मात्र एक गोष्ट भराभर सांगण्यासारखी नाही. १९९७-९८ च्या सुमारास नोटांची टंचाई भासली म्हणून ३६० कोटी नोटा अमेरिकन, इंग्रज आणि जर्मन कंपन्यांकडून छापून आणण्यात आल्या. दर्शनी किंमत १ लाख कोटी रुपये. पुढे संसदेच्या समितीने याबद्दल कडक शब्दांत विचारणा केली. साठ वर्षे परदेशात छापले म्हणून जो कारखाना काढला, त्याला सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा परदेश! आतल्या माणसाची रोज दोनदा झडती, आणि साचे मात्र समुद्रापार. जुन्या कामगारांना हे लागले होते. त्यांच्या तोंडून आम्ही ते ऐकले आहे.

शेवटी २०१६. मोठ्या नोटा रद्द होणे आपल्याकडे नवे नव्हते. १२ जानेवारी १९४६ ला ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या होत्या. १६ जानेवारी १९७८ ला १,०००, ५,००० आणि १०,००० च्या. पण त्या दोन्ही वेळी गरिबाच्या घरात अशी नोट नव्हतीच. त्याने बातमी वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घातली. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा चलनातील रकमेचा ८६ टक्के भाग एका रात्रीत बाद झाला, आणि त्यात मोलकरणीच्या डब्यातली नोटही होती. तुटलेला विश्वास कागदाने भरून काढावयाचा होता, आणि तो कागद छापणारे हात मोजकेच. नव्या ५०० च्या नोटांचे काम नाशिकला आणि देवासला, २,००० चे म्हैसूरला. सुट्ट्या गेल्या, रविवार गेले. पश्चिम बंगालात सालबोनीला बारा-बारा तासांच्या पाळ्या झाल्या, माणसे आजारी पडली, आणि डिसेंबरच्या अखेरीस तिथल्या कामगार संघटनेने, नऊ तासांपलीकडे काम होणार नाही, असे कळवले. देशासाठी थोडे सोसावे, असे त्यावर पुष्कळांनी म्हटले. आठ तासांच्या दिवसासाठी जगभर माणसांनी जे सोसले आहे ते त्यांच्या वाचनात नसावे. जी नोट छापायला तेव्हा तीन रुपयांच्या आसपास खर्च येई तिच्यावर ५०० ही किंमत चढते, ती शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांच्या जागरणावर चढते. थकलेल्या नजरेला दोष दिसत नाही, आणि त्या दिवसांत छपाईत फरक असलेल्या ५०० च्या नोटा लोकांच्या हाती आल्याच; घाईमुळे तसे झाले, असे खुद्द रिझर्व्ह बँकेकडून सांगण्यात आले.

त्या नोव्हेंबर-डिसेंबरात आम्ही रोज नाशिकरोडला असू. दुपारी पाळी सुटली की फाटकातून बाहेर पडलेली माणसे डबा सायकलीला अडकवून थेट बँकेसमोरच्या रांगेत येऊन उभी राहात. सकाळी त्यांच्या हाताखालून कोट्यवधी रुपयांचे ताव गेलेले असत. इथे त्यांनाही इतरांप्रमाणेच आठवड्याला २४,००० रुपयांची मर्यादा होती, आणि पुष्कळदा ती माणसे खिडकीशी पोहोचेपर्यंत आतली रोकड संपलेली असे.